पूल वाढला

एकदा एक देश होता. या पृथ्वीच्या पाठीवर तो सापडायचा नाही, तेव्हा शोधायला जाऊ नका. तिथल्या आकाशात दोन चंद्र उगवत, एक थोरला आणि दुसरा त्याच्या मागून रांगत येणारा धाकटा. आणि त्या देशाच्या मधोमध एक दरी होती, इतकी खोल की तळाशी नदी आहे हे नुसतं आवाजावरून कळायचं.

दरीच्या उगवतीला कातळे लोक राहत. सगळा उघडा खडक. त्या खडकातून मीठ निघायचं, पण धान्याचा एक दाणा उगवायचा नाही. मावळतीला धुनीकर राहत. त्यांच्याकडे रान होतं, भात होता, आणि मिठाचा खडा नव्हता. म्हणजे बघा, देवानं दोघांनाही एकमेकांच्या दारात उभं केलं होतं. मधे गवताच्या दोरांचा एक पूल होता. तरी दोघांचं पटत नसे. जमिनीवरून नाही, पाण्यावरून नाही. बोलण्यावरून.

कातळे जे दिसेल ते बोलत. मूल जन्मलं की सुईणीला जे दिसे तेच त्याचं नाव. त्यांच्या नाईकाचं नाव टकला होतं, आणि त्याच्या वेण्या आता खांद्याखाली रुळत होत्या. खोटं बोलणाऱ्याला त्यांच्यात मोठी शिक्षा होती : त्याच्याशी मग कोणी बोलतच नसे. म्हणून कातळ्याचा शब्द म्हणजे शब्द. पण धुनीकरांना हीच माणसं अभद्र तोंडाची वाटत. दारात उभं राहून ‘तुझी सासू काही हा उन्हाळा काढत नाही’ असं सांगणारी माणसं. त्यांना कोण घरात घेईल?

आणि कातळ्यांना धुनीकर लबाड वाटत. एकदा कातळ्यांचे पाहुणे धुनीकरांकडे जेवायला थांबले. घरधनीण हात जोडून म्हणाली, “भात उदंड झाला हो.” पाहुणे मांडी ठोकून बसले. बसले ते बसलेच. पान काही आलं नाही. शेवटी काठ्या निघाल्या. त्यानंतर कित्येक वर्षं पुलावरून मीठ गेलं नाही की भात आला नाही. पुलावरून नुसता वारा जात होता.

दरीच्या काठावर एका कपारीत एक वृद्ध राहत असे. तो इकडचा की तिकडचा हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणे, “मधला.” त्याला दोन्ही बोली येत. त्याच्याकडे कातळ्यांचा एक तरुण धुनीकरांची बोली शिकायला राहिला होता. पायांकडून जन्मला म्हणून त्याचं नाव पायाळू. बुद्धीने तल्लख. ऐकलेला शब्द त्याच्याकडून कधी सांडला नाही. सगळे शब्द आले तेव्हा वृद्ध म्हणाला, “पोरा, आता एक थंडी त्यांच्या चुलीपाशी काढून ये.”

“बाबा, शब्द तर सगळे आले. चुलीपाशी आणखी काय मिळणार? धूर?”

“धूरच,” वृद्ध हसून म्हणाला. “पण डोळ्यांत पाणी आणणारा.”

शिष्य काही गेला नाही. नाईकाने त्याला आपला दुभाषी केला, गळ्यात तांब्याचं कडं घातलं. आणि नव्या दुभाष्याच्याच मध्यस्थीनं ठरलं की यंदा पुन्हा मीठ पाठवायचं. कातळ्यांच्या कणग्यांत तेव्हा तळ दिसू लागले होते. हे जमलं नसतं तर पुढच्या हिवाळ्यात त्यांना लेकरं मोजून जेवू घालावी लागली असती.

मीठ निघायचा दिवस उजाडला. त्या ऋतूत दरीतून धुकं वर येतं आणि दुपारपर्यंत हलत नाही. आपलाच हात पुढे केला तर बोटं दिसायची नाहीत. मिठाची पोती घेऊन तरुण मंडळी काठावरच्या आडोशाला जाऊन थांबली होती. त्यांच्या पुढे तिसरी होती, म्हणजे शिष्याची सख्खी बहीण. आईची तिसरी, म्हणून तिसरी. काठाचा कातळ निसरडा. म्हणून नाईकाचं शिंग वाजेपर्यंत कोणी पुलाकडे पाऊल टाकायचं नाही अशी शिस्त होती.

आणि नेमकी तेव्हाच खालच्या अवघड वाटेनं, दरीत उतरून पुन्हा चढून, धुनीकरांची एक बाई आली. उजळाई तिचं नाव. वयानं पोक्त, अंगानं थोराड, लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलेलं. पहारेकऱ्यांनी तिला धरून सभेच्या गुहेत आणलं. गुहेत मधोमध दगडी समईत निवाड्याचा दिवा जळत होता. तो जळत असताना जे बोललं जाईल ते कातळ्यांचा कायदा होई.

“पुलावरून का नाही आली ही?” नाईक गरजला. “चोरवाटेनं कशाला? विचार तिला.”

शिष्याने विचारलं. बाई धापा टाकत होती. तिने एवढंच सांगितलं, “पूल वाढला.”

“काय म्हणते?”

“म्हणते, पूल वाढला.”

मग टकला नाईक हसला, आणि त्या हसण्यात हसू नव्हतं. “वाढला? पूल काय भोपळ्याचा वेल आहे आपोआप वाढायला? यांनी वाढवला असेल. आणि मला सांगा, दरी काही रुंद झालेली नाही. मग वाढलेला पूल गेला कुठे? आपल्या अंगणात! आपल्या कातळात यांनी खुंट ठोकले, धुक्याच्या आडून!”

“नाईक, खात्री करून घेतो,” शिष्य म्हणाला. बाईकडे वळून त्याने तिच्या बोलीत विचारलं, “कुठवर वाढला, मावशी?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या शहाण्या दिसणाऱ्या पोरानं हे काय विचारावं, असं काहीतरी तिच्या नजरेत होतं. “सगळाच,” ती म्हणाली. “अख्खाच्या अख्खा वाढला रे. तुमच्या माणसांना सांग, सावकाश या म्हणावं. अगदी सावकाश.” आणि तिने आवळलेली मूठ उघडली. तिच्या तळहाताची कातडी सोलली होती. तळहातावर गवती दोराचा एक तुकडा होता, आणि त्याच्या टोकाला हळद लावली होती.

शिष्याने शब्दाला शब्द ठेवून सगळं सांगितलं. एकही सांडला नाही.

“दोराचा नमुना दाखवते मला!” नाईक उभा राहिला. “वर सांगते सावकाश या. म्हणजे यांची तयारी व्हायला वेळ पाहिजे. ऐका. मीठबीठ राहू द्या. धुकं आहे तोवर पोरांना भाले द्या. शिंग वाजलं की पळत पूल ओलांडायचा आणि पलीकडचे खुंट ताब्यात घ्यायचे. मधे कोणी थबकायचं नाही. पुलावर जो थबकेल तो मेला समजायचा. ही बाई लबाड ठरली, की ज्या वाटेनं आली त्या वाटेनं हिला खाली ढकला.”

निरोप घेऊन माणूस आडोशाकडे पळाला. भाल्यांची टोकं एकमेकांवर आपटल्याचा आवाज गुहेपर्यंत आला. शिंगवाला गुहेच्या माथ्यावर चढून बसला.

उजळाईला भाषा कळत नव्हती, पण भाले कुठेही भालेच असतात. ती रडू लागली. “वाढला रे, वाढला! सावकाश या!” ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

“नाटकी,” एक पहारेकरी म्हणाला. “पूल वाढला म्हणून रडतेय. आमच्याकडे शेळी व्याली तर आम्ही हसतो.”

शिष्याचं मन कुठेतरी अडखळलं. तिचे शब्द एकीकडे चालले होते आणि चेहरा दुसरीकडे. पण त्याने स्वतःलाच समजावलं की शब्द मला येतात, चेहऱ्याचं काय. चेहरे लबाडांचेही रडतात. तरी त्याची नजर सारखी दाराबाहेर आडोशाकडे जात होती, कारण पळणाऱ्यांत सर्वांत पुढे तिसरी असणार होती.

तेवढ्यात गुहेच्या दाराशी काठी वाजली. कपारीतला वृद्ध आला होता.

“म्हातारबा,” नाईक म्हणाला, “आज तुझा ‘मधला’ चालायचा नाही. कोणाच्या बाजूनं ते आधी सांग.”

“आधी गुडघ्यांच्या बाजूनं,” वृद्ध म्हणाला आणि खाली बसला. त्याला बसायलाच इतका वेळ लागला की दोनतीन जणांनी दात ओठ खाल्ले. मग त्याने शिष्याला विचारलं, “ती काय म्हणाली?”

“की त्यांनी पूल वाढवला आणि—”

“तिच्या शब्दांत सांग.”

“पूल वाढला. सगळाच. सावकाश या.”

वृद्धाने डोळे मिटले. मग तो काठीवर भार देऊन उठला, सभेच्या मधून चालत निवाड्याच्या दिव्यापाशी गेला, वाकला, आणि एका फुंकरीने दिवा विझवला.

गुहेत अंधार झाला. निवाड्याचा दिवा भरसभेत फुंकून टाकण्याचं धाडस कातळ्यांच्या कोणा पूर्वजानं केलं नव्हतं. “दगा!” नाईक ओरडला. “म्हातारा फितूर आहे! फुंका रे शिंग!”

आणि त्या गोंधळात, अंधारातून, उजळाईचा आवाज आला. निरोपाचा नव्हे, सांगून ठेवलेला नव्हे. कोणाच्या हातून काही पडलं की घरातली बाई जशी बोलून जाते, तसा.

“अगं बाई! बाबा, भरल्या घरात दिवा का वाढवलात?”

दुभाष्याची जीभ ती. सवयीने हलली. “ती म्हणते,” शिष्य मोठ्याने सांगू लागला, “भरल्या घरात दिवा का वाढ—”

तो शब्द त्याच्या तोंडात अर्धाच राहिला.

वर शिंग वाजलं.

शिष्य पळाला. कोणाला काही न सांगता, पहारेकऱ्याच्या खांद्यावर आदळत, गुहेच्या दारातून त्या पांढऱ्या धुक्यात शिरला. पुढे उतारावर पावलांचा आवाज येत होता. तरुण माणसं जीव खाऊन धावतात तेव्हा जमीन जशी वाजते तसा. शिंगाचा आवाज दरीत घुमत होता आणि त्याची हाक त्यात बुडत होती. त्याने श्वास रोखला. शिंग थांबायची वाट पाहिली. तेवढा क्षण त्याला जन्मापेक्षा मोठा वाटला. मग छातीतला सगळा वारा एका हाकेत घालून तो ओरडला :

“तिसरे! पूल नाही! पूल तुटलाय!”

आणि पावलं थांबली.

एका दमात, सगळी. कोणी विचारलं नाही, ‘खरं का?’ कोणी म्हटलं नाही, ‘नाईकाचा हुकूम तर वेगळा आहे.’ कातळ्यांच्या मुलखात कोणी ‘तुटलाय’ म्हणालं तर ते तुटलेलं असतं. त्यावर विचार करायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. निसरड्यावरून एकाचा भाला तेवढा हातातून सुटून पुढे घरंगळला. सगळे कान देऊन उभे राहिले. तो कुठे आपटल्याचा आवाज आलाच नाही.

मग धुक्यातून तिसरीचा आवाज आला, अगदी जवळून आणि अगदी हळू. “दादा, माझ्या पुढच्या पायाखाली काही नाही. मला मागून धर.”

त्याने धरलं.

धुकं विरळ झालं तेव्हा सगळी सभा काठावर जमली होती. कातळ्यांचे दोन दगडी खुंट जागेवर होते. त्यांना बांधलेले दोर खाली दरीत लोंबत होते. पलीकडच्या काठावर, जिथे धुनीकरांचे लाकडी खुंट असायचे, तिथे ताजी तांबडी माती उकललेली दिसत होती. टकला नाईकाने काठाशी जाऊन खाली वाकून पाहिलं. मग म्हणाला, “मी आज माझ्या हाताने सगळी पोरं मारली असती.” कातळेच ते, जे दिसलं ते बोलला.

शिष्य वृद्धापाशी आला. “बाबा, तुम्हाला कळलं होतं. मग सरळ का नाही सांगितलं? दिवा कशाला? शिंग वाजलं! क्षणभर उशीर झाला असता तर?”

“शिंग वाजलं तेव्हा माझंही काळीज बंद पडलं होतं, पोरा,” वृद्ध म्हणाला. “पण मी सांगितलं असतं तर सभा म्हणाली असती, हा अर्धा त्यांचाच. आणि तू म्हणाला असतास, बाबा, ‘वाढणे’ म्हणजे वाढणे, तुम्हीच शिकवलंय. वाद घालण्याइतका वेळ शिल्लक नव्हता. तिच्याच तोंडून निघायला हवं होतं, आणि तिला न विचारता.” तो थांबला, दम घेतला. “बाळ, ती खोटं बोलली नाही. यांच्यात तुटल्याला तुटलं म्हटलं की घाव दुसऱ्यांदा बसतो असं मानतात. म्हणून दिवा विझत नाही, वाढतो. तुटल्या दोरालाही जखमेसारखी हळद लावतात. संपलेला भात उदंड होतो. ‘येऊ नका’ म्हणवत नाही, म्हणून ‘सावकाश या’. तू त्यांनी बोललेले शब्द सगळे शिकलास. त्यांनी गिळलेले शिकायचे राहिले. कोण कशाला भितं ते कळल्याशिवाय त्याची भाषा येत नाही. आणि हे मी त्यांच्या बाजूनं बोलत नाही हं. आज तुझ्या एका उघड्या शब्दावर सगळी पोरं जागच्या जागी थांबली. धुनीकरांची पोरं असती तर ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारत आणखी चार पावलं पुढे गेली असती.”

आपण ऐकणाऱ्यांनीही फार हसू नये. आपल्याकडेही बांगडी फुटत नाही, वाढते, आणि संध्याकाळी वाणी दुकान बंद करत नाही, वाढवतोच.

उजळाई एका दगडावर बसली होती. तिसरीने आपली ओढणी फाडून तिचे हात बांधायला घेतले होते. भाषा नव्हती, पण तिसरी आपली बोलत होती, “फार वाईट सोललेत. पू होणार.” उजळाईला कळत नव्हतं, हे बरंच होतं.

नाईक जवळ आला. “पायाळू, विचार तिला,” तो म्हणाला, “हाताला काय झालं? पूल तुटला तेव्हा ही तिथे काय करत होती?”

शिष्याने विचारलं, हलक्या आवाजात. उजळाई दरीपलीकडे बघत म्हणाली, “खुंट उपटला तसा मी दोर धरला. धरून ठेवला, ठेवला, पण दोर माझ्यापेक्षा जड झाला. माझा लेक पुलावर होता, तुमच्या माणसांसाठी दोर पारखत होता.” तिने हात मांडीवर ठेवले. “काल तो मोठा झाला.”

दरीतून नदीचा आवाज वर येत होता.

“काय म्हणते?” नाईकाने विचारलं.

कातळ्यांच्या बोलीत त्याला एक सरळ शब्द होता. तो शिष्याच्या जिभेवर आलाही होता. त्याने उजळाईच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं, मग आपल्या लोकांकडे वळून, शब्दाला शब्द ठेवून, तो म्हणाला :

“दोर पारखायला तिचा लेक पुलावर होता. ती म्हणते, काल तो मोठा झाला.”

कोणी हसलं नाही. केवढा, असं कोणी विचारलं नाही. ज्यांच्या हातात अजून भाले होते त्यांनी ते हळूच खाली ठेवले. टकला नाईकाने तोंड उघडलं. तो सरळ शब्द त्याच्या ओठापर्यंत आलेला सगळ्यांना दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो गिळलेलाही दिसला.

“मोठा झाला,” तो म्हणाला, आणि पागोटं काढून तिच्या शेजारी ओल्या कातळावर बसला.